बुटांची ग्वाही

आमच्या माळ्यावर एका खोक्यात बुटांचा कोरा जोड नऊ महिने पडून आहे. हिरवे, गुडघ्यापर्यंत येणारे, आतून सुती अस्तर लावलेले विलायती रबरी बूट. पायांत मात्र मी जुनाच जोड घालतो, आणि त्यातल्या उजव्या बुटाला घोट्यापाशी सायकलच्या ट्यूबचे ठिगळ आहे. पाहणाऱ्याला वाटते, गुरुजी चिक्कू आहेत, नवे जपून ठेवतात. ही समजूत मी आजवर खोडून काढलेली नाही. खरे कारण चिक्कूपणाहूनही कमी शोभणारे आहे.

माझा एक भाचा इंग्लंडात डेव्हन परगण्यात गुरांचा डॉक्टर आहे. तो सांगतो की, तिथली माती आपल्या कोकणासारखीच तांबडी, आणि पाऊस आपल्यासारखा कोसळत नसला तरी बारा महिने पाठ सोडत नाही. तिकडच्या खेड्यात घराच्या दाराशी, पडवीवजा जागेत, खुंट्यांवर बूट उलटे टांगलेले असतात. शेतकरी, गवळी, मेंढपाळ, पोस्टमन, सगळे तेच घालतात. २००१ साली त्या देशात लाळ-खुरकूत पसरली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोग बुटांच्या चिखलातूनही एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून फाटकाफाटकाशी जंतुनाशकाच्या घमेल्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. धुऊन पुन्हा कोरा होणारा रबरी बूट तिथे ऐट नव्हे, गरज आहे. (ऐटीसाठी घालणारेही पुष्कळ आहेत म्हणे, त्यांच्या बुटांना चिखल कधी लागत नाही, त्यावरून ते ओळखू येतात.)

माझी शाळा दोन वहाळांपलीकडे. वाटेत गवत, गवतात फुरसे. भात लावणारा माणूस अनवाणीच बरा, कारण खाचरातला चिखल गमबूट पायांतून उपसून घेतो. पण बांधावरून चालणाऱ्याला बूट हवा. अलीकडे लेप्टोच्या तापाच्या भयाने डॉक्टरही तेच सांगतात. तालुक्याच्या बाजारातले काळे गमबूट मी दर पावसाळ्याला एक जोड याप्रमाणे झिजवीत असे. ते पाहून भाच्याने दोन वर्षांपूर्वी मिरगाच्या तोंडावर हे बूट आणून दिले. किंमत त्याने सांगितली नाही. मी चिकटवलेल्या चिठीवरून काढली आणि दोन दिवस ते घालायचे धाडस केले नाही.

महाग वस्तूत आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला. भाचा म्हणाला, “मामा, बाजारातले बूट प्लास्टिक वितळवून एका साच्यात ओततात. हे खऱ्या रबराचे. रबराच्या पातळ पत्र्यांतून दोन डझनांहून अधिक तुकडे कापायचे, फर्म्यावर एकेक हाताने बसवायचे आणि मग भट्टीत भाजायचे.” भाजण्याचा भाग मला आवडला. भाजल्यावाचून काहीच टिकत नाही, मडके नाही आणि वीटही नाही.

या बुटांवर ज्याचे नाव आहे तो आपल्याला परका नाही. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन, २३ सप्टेंबरला कैलना नदी ओलांडून असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांवर तुटून पडला. असई आजच्या जालना जिल्ह्यात. ऐन पावसाळा सरतीचे दिवस. मराठवाड्याच्या काळ्या मातीने त्याच्या पायांचे काय केले असेल ते मी मुलांना इतिहास शिकवताना हटकून सांगतो, पुस्तकात नसले तरी. पुढे १८१० च्या दशकात त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या होबी नावाच्या चर्मकाराकडून, घोड्यावरही चालेल आणि मेजवानीलाही शोभेल असा साधा, गोंडे नसलेला उंच बूट बेतून घेतला. तो कातड्याचा होता. रबर मागून आले.

त्या काळचे रबर उन्हाळ्यात पाघळे आणि थंडीत तडके. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरच्या हातून गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीवर पडले आणि ते वितळण्याऐवजी चिवट झाले, असे सांगतात. शोध त्याचा, तो स्वतः १८६० साली कर्जात मेला. धंदा इतरांनी केला. हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकनाने १८५३ साली फ्रान्समध्ये कारखाना काढला, आणि लाकडी खडावांसारखी पादत्राणे घालून शेतात राबणारे तिथले शेतकरी संध्याकाळी कोरड्या पायांनी घरी जाऊ लागले. १८५६ साली एडिंबरोला नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्याने सैनिकांचे पाय कुजत, तेव्हा या एका कंपनीने जवळजवळ बारा लाख जोड करून दिले. हा सारा पसारा एका शेगडीतून निघाला. ती शेगडी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण माझा गुन्हाही तिथलाच आहे.

बुटांबरोबर एक घडीचे पत्रक आले होते. बूट धुवावेत, उन्हात ठेवू नयेत, विस्तवाजवळ वाळवू नयेत. जी उष्णता रबराला घडवते तीच मागाहून त्याला म्हातारे करते. पत्रक इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होते. तरी मी ते वाचले होते हे कबूल केले पाहिजे. परीक्षेत आधी प्रश्नपत्रिका नीट वाचा, असे पंचवीस वर्षे सांगणारा माणूस मी.

पण आषाढात कोकणातल्या घरात वस्तू वाळते कुठे? दोरीवरचे धोतर चार दिवस ओलेच असते. भिंतींना पाणी सुटते, मिठाला पाणी सुटते. घरात कोरडी जागा एकच, न्हाणीतल्या पाण्याच्या चुलीचा कडेचा ओटा. तिथे आमचे दप्तर वाळते, सौभाग्यवतीचे लुगडे वाळते, एकदा मांजराचे पिल्लू वाळवले होते. बूटही तिथेच वाळले. दोन पावसाळे रोज रात्री.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस उजव्या बुटाला घोट्याच्या वळीत चीर गेली. हमी दोन वर्षांची. मुदत उरली होती. मी भाच्याला कळवले. त्याने कंपनीचा तक्रारीचा नमुना भरायला घेतला आणि एका रविवारी फोनवर प्रश्न वाचत गेला. खरेदी केव्हा? नेहमीचा वापर कसला? छायाचित्रे पाठवली ना? शेवटी म्हणाला, “मामा, विस्तवाजवळ, शेगडीजवळ वगैरे ठेवले नव्हते ना तुम्ही?”

मी म्हणालो, “छे रे!”

ही स्वयंपाकघरात होती. तिने फक्त मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. इतक्या वर्षांच्या संसारात इतके लांब भाषण तिने क्वचितच केले असेल.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. कुणा बाईंचे होते. बूट टिकला नाही याचा त्यांना खेद वाटत होता. नवा जोड भाच्याच्या पत्त्यावर पाठवीत होत्या. जुना परत करण्याची तसदी नको. पुढे त्यांनी लिहिले होते की, आम्ही ती तुकडी तपासून पाहू.

तुकडी तपासून पाहू! म्हणजे माझ्या चुलीचा दोष आता कुणा कामगाराच्या हातांत शोधला जाणार. फर्म्यावर घोट्याचा तुकडा ज्याने नेटका बसवला असेल, त्याच्याकडे कुणी तरी क्षणभर संशयाने पाहणार.

नवे येईपर्यंत शाळेला तर जायचे होते. मी बूट नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला. माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता. त्याने बूट हातात घेतला, वाकवला, चिरेत अंगठ्याचे नख घातले आणि म्हणाला, “गुरुजी, चुलीपाशी वाळवलात काय हा? कापलेला नाय, भाजलाय.”

मी म्हणालो, “हो.”

इतके सहज म्हणालो की मलाच नवल वाटले. त्याने कानशीने घासले, सोल्युशन लावले, फुंकर मारली, ट्यूबचा तुकडा दाबून बसवला. वीस रुपये घेतले आणि वर म्हणाला, “ग्यारंटी नाय हां.” ते ठिगळ अजून आहे.

एकाला खोटे आणि दुसऱ्याला खरे, हे कसे झाले? ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला फसवता येत नाही, हे एक उत्तर. पूर्वी गावचा चांभार वर्षाच्या बलुत्यावर शेतकऱ्याच्या वहाणा आणि मोटेचे कातडे दुरुस्त ठेवी. वहाण कुणी कशी वापरली ते त्याला टाचेवरून कळे. त्या व्यवस्थेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. ज्याने वहाणा शिवायच्या त्यालाच काही दारांपुढून त्या हातात घेऊन जावे लागे. ती मोडली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर ही ओळखही गेली. आज करणारा सात समुद्रांपलीकडे, वापरणारा इकडे, आणि दोघांमध्ये केवळ एक छापील प्रश्न. त्या प्रश्नाला हात नाहीत. बूट वाकवून त्याला पाहता येत नाही. तो माझ्या शब्दावर विसंबून असतो, आणि म्हणूनच त्याच्याशी खोटे बोलणे सोपे गेले. जे सोपे म्हणून मी केले ते वस्तुतः अधिक वाईट होते, हे मला बाईंच्या उत्तरानंतर कळले.

शहाण्या मित्रांना विचारले. एक म्हणाला, “कंपनीला काय तोटा? अशा खोट्यांचा हिशेब किंमतीत आधीच धरलेला असतो.” मला हे पटले, आणि त्यामुळेच झोप उडाली. धरलेला असतो म्हणजे कुणी तरी भरतो. डेव्हनमधला एखादा मेंढपाळ, जो इमानाने आपले बूट खुंटीवर उलटे टांगतो, तो माझ्या चुलीचे पैसे भरतो.

दुसरा म्हणाला, “अरे, पण चूक त्यांचीच. चिखलपाण्यासाठी विकलेला बूट, पाण्याच्या मुलखात वाळवायची सोय नाही, हा कसला टिकाऊपणा?” यात तथ्य आहे. इंग्लंडात २०१५ चा ग्राहकहक्कांचा कायदा आहे. त्यात मालाच्या गुणांत टिकाऊपणा स्पष्ट धरला आहे, आणि माल समाधानकारक आहे की नाही याचे माप म्हणजे एखाद्या समंजस माणसाला काय वाटेल ते. हा समंजस माणूस कायद्याने कुठे राहायला ठेवला आहे? डेव्हनमध्ये असेल तर त्याच्या दाराशी कोरडी पडवी आहे. माझ्या गावी असेल तर तोही आषाढात चुलीपाशीच जाईल, आणि मग तडकलेला बूट हा त्याचा हलगर्जीपणा ठरणार नाही, बूट करणाऱ्याचे अज्ञान ठरेल.

हा मुद्दा मला भांडून मांडता आला असता. ‘होय, चुलीपाशी वाळवले, दुसरी जागा नव्हती, आता बोला,’ असे लिहायचे होते. त्यांनी नवे दिले असते किंवा नाकारले असते. पण खरी तक्रार त्यांच्या कानी गेली असती, आणि कुणी सांगावे, पुढच्या बुटाच्या घोट्यात काही निराळे रबर पडले असते. माझ्या ‘छे रे’ने मला बूट मिळाले आणि माझी तक्रार मात्र खोटी झाली. वस्तू टिकत कशा गेल्या? कुणी तरी मोडलेली वस्तू परत नेऊन, ती कशी मोडली ते लाज सोडून सांगितले, म्हणूनच ना?

जानेवारीत भाचा आला तेव्हा खोके घेऊन आला. मी त्याला खरे सांगितले. तो मोठ्याने हसला. “मामा, सगळेच करतात हो!” मग चहा घेता घेता गप्प झाला. नमुन्याखाली सही त्याची होती. थोड्या वेळाने म्हणाला, “गाय आजारी पडली की मी शेतकऱ्याला विचारतो, काय खायला घातलं होतंस? तो म्हणतो, नेहमीचंच. मग मी भलत्याच रोगाचं औषध देतो.” याहून अधिक तो काही बोलला नाही.

खोके मी माळ्यावर टाकले. परत पाठवावे तर पाठवणावळ, जकात आणि भाच्याची सही आड येत होती. घालावे तर पाय आत जाईना. शाळेतल्या शिपायाला देऊन टाकावे असेही मनात आले. पण खोटेपणाने मिळवलेले दान करून मोकळे होण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि ती मी माझ्या एका कादंबरीतल्या सावकाराला आधीच वापरायला दिली होती.

शेवटी गेल्या भाद्रपदात, पुन्हा सगळे घर ओले झाले असताना, मी त्या बाईंना मराठीतून पत्र लिहिले. चूल कशी असते, ओटा किती हातांवर, रात्रभर निखारे कसे राहतात, पाऊस किती दिवस उघडत नाही, सगळे लिहिले. तुकडी निर्दोष आहे, तपासू नये, असे लिहिले. बूट कोरे आहेत, किंमत घ्यावी किंवा बूट मागवावेत, आणि माझ्या भाच्याला यातले काही ठाऊक नव्हते, असेही लिहिले. भाच्याने इंग्रजी करून धाडले. ‘निखारे’ या शब्दापाशी तो बराच अडला होता म्हणे.

त्याला आता तीन आठवडे झाले. पहिल्या वेळी बाईंचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले होते.