रुंदी वाचकाची

एक मथळा, चार परिच्छेद आणि एक यादी एवढंच एचटीएमएलमध्ये लिहून ती फाइल संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडावी. सीएसएसची एकही ओळ लिहू नये. मग खिडकीची कड धरून ती अरुंद करत जावी. ओळी आपसूक मोडतात, मजकूर खाली वाढत जातो, कुठेच काही कापलं जात नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१मध्ये सर्नमधून जगापुढे ठेवलेली पहिली पानं याच जातीची होती. रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याच्या रुंदीशी जुळवून घेणाऱ्या, पानाचा सराव करणाऱ्याने हे एकदा डोळ्यांनी पाहावं, कारण शिकवण्यांमध्ये लवचीकपणा हा पानात शेवटी घालायचा मसाला असल्यासारखा सांगितला जातो. तो मुळात होताच. आपण तो घालवला.

घालवण्यामागे छपाईची सवय होती. छापखान्यात आधी कागद ठरतो, डेमी की क्राऊन, आणि मग मांडणी. ती सवय घेऊन वेबवर आलेल्यांनी इथेही कागद शोधला. कधी ८०० बाय ६००चा पडदा गृहीत धरला, पुढे १०२४ बाय ७६८चा. त्यात बसणारी ९६० पिक्सेलची चौकट काही वर्षं तर जवळजवळ नियमच झाली होती; या आकड्याला तीन, चार, पाच, सहा, आठ, बारा अशा कितीतरी संख्यांनी भाग जातो, म्हणून रकाने पाडणाऱ्यांची सोय. जॉन ऑलसॉप यांनी २०००मध्येच ‘अ दाओ ऑफ वेब डिझाइन’ या लेखात सांगितलं होतं की छापील पानावरचा ताबा वेबवर मिळत नाही आणि ती वेबची उणीव नाही. बहुतेकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि पुन्हा ९६०ची चौकट आखायला घेतली.

२००७मध्ये आयफोन आला तेव्हा या चौकटींचं करायचं काय, हा प्रश्न अ‍ॅपलपुढेही होता. त्यातल्या सफारी ब्राउझरने तोडगा काढला: पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं समजायचं आणि आखडून दाखवायचं. म्हणून आज आपण सुरुवातीला केलेलं ते साधं पानही फोनवर मुंग्यांएवढ्या अक्षरांत दिसतं. ‘रुंदी उपकरणाएवढीच धर’ असं सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ वर लिहिली की ते ताळ्यावर येतं. मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट यांनी टक्केवारीतले रकाने, चौकटीबरोबर लहानमोठी होणारी चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार वेगळे सीएसएस नियम लावण्याची सोय) या तीन गोष्टी एकत्र बांधून त्या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिलं. तिन्ही साधनं आधीपासून हाताशी होती. नवी होती ती भूमिका.

आता सरावाला एखाद्या गावातल्या वाचनालयाचं पान घेऊ. नवशिक्याची नेहमीची चाल अशी की आधी बाराशे पिक्सेलचं देखणं पान उभारायचं, मग फोनवर ते फुटलं की प्रत्येक मॉडेलच्या रुंदीसाठी एकेक मीडिया क्वेरी जोडत बसायचं. ही डागडुजी झाली. लूक व्रोब्लेव्स्की यांनी ‘मोबाइल फर्स्ट’ या पुस्तकातून (२०११) उलटी, आधी अरुंद पडद्यापासून सुरू होणारी वाट मांडली आणि मला ती पटते, पण तिचा खरा फायदा तांत्रिक नाही. अरुंद पडद्यावर सगळ्यांना एकाखाली एक उभं राहावं लागतं, म्हणजे पुढे कोण हे ठरवावंच लागतं. वाचनालयाचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत (फोटोसह), नवी पुस्तकं, की ‘आज संध्याकाळी उघडं आहे का’? रुंद पानावर तीन रकाने पाडले की हा वाद झाकला जातो आणि कोणाचं मन दुखावत नाही. फोनवर अध्यक्षांना खाली जावं लागतं. सीएसएस ग्रिड वापरून नुसता दिसण्यातला क्रम बदलता येतो खरा, पण स्क्रीन रीडरवर पान ऐकणाऱ्याला एचटीएमएलमध्ये लिहिलेलाच क्रम ऐकू येतो; तिथे कारागिरी चालत नाही.

दुसरं, सराव मराठी मजकुरावर करावा. लॅटिन भरताड टाकून केलेलं पान फसवं असतं. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली की ‘पूर्ती’मधला रफार छाटला जातो. मथळ्याला ऐट यावी म्हणून अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेखा तुटते. आणि मराठी प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात, त्यामुळे ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ असा एखादा शब्द मोठ्या टायपात अरुंद चौकटीत मावत नाही, बाहेर डोकावतो आणि त्या एकट्यापायी सगळं पान आडवं सरकू लागतं. ब्रेकपॉइंट कुठे घालायचा याचं उत्तर असल्या शब्दांकडे असतं, फोनच्या यादीत नसतं: मजकूर जिथे अवघडतो तिथे मांडणी बदलायची.

अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या आजोबांपुढेही रुंदी अपुरी पडण्याचा हाच प्रश्न आहे. १२८० पिक्सेल रुंद पडद्यावर पान ४०० टक्के मोठं केलं की मांडणीला उरतात ३२०, म्हणजे छोट्या फोनएवढीच जागा. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये याच ३२० पिक्सेलची अट आहे: तेवढ्या रुंदीत उभं वाचताना आडवं सरकावं लागू नये.

त्याच अटीत तक्त्यांना आणि नकाशांना सूट आहे, आणि ती वाजवी आहे. वाचनालयाच्या पानावर सभासदांचे प्रकार, अनामत, मासिक वर्गणी आणि एका वेळी मिळणारी पुस्तकं असा तक्ता असणारच. तो फोनसाठी मोडून प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करण्याची रीत आहे. दिसतं छान, पण दोन वर्गण्या शेजारी ठेवून बघता येत नाहीत, आणि तक्ता त्यासाठीच केलेला असतो. मी तो तक्ताच ठेवेन, त्याच्यापुरत्या चौकटीत त्याला आडवं सरकू देईन, आणि सभासदाचा प्रकार सांगणारा पहिला रकाना जागेवर खिळवून टाकेन.