आकाशातून अग्नी मागणारे शिष्य

सामान्य काळातील तेरावा रविवार (लूक ९ : ५१-६२)



आजच्या शुभवर्तमानातील याकोब आणि योहान यांना आपण फार लवकर दोष देतो. येरुशलेमच्या वाटेवर निघालेल्या प्रभूला एका शोमरोनी गावाने थारा दिला नाही. तेव्हा या दोघा भावांनी विचारले, आकाशातून अग्नी पाडून या लोकांचा नाश करावा काय? हे दोघे प्रभूचे वैरी नव्हते. त्यांचे प्रभूवर प्रेम होते आणि त्याचा अपमान त्यांना सहन झाला नाही. त्यात शोमरोनी म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचा वाद. देव एक, मोशेचे ग्रंथ तेच. पण उपासना कोणत्या डोंगरावर करायची, यावरून बोलणेचालणे बंद.

प्रभूने मागे वळून शिष्यांना धमकावले, आणि ते सगळे दुसऱ्या गावी गेले. त्या गावाचे म्हणणे बरोबर आहे, असे प्रभू म्हणाला नाही. तसे त्याने गाव जाळूही दिले नाही.

ख्रिस्ती माणसांमधला हा वाद अजून संपलेला नाही. युरोपात आज तो मुस्लीम शेजाऱ्यांवरून चालू आहे. आपल्याच ख्रिस्तसभेतली माणसे त्यात दोन्ही बाजूंना आहेत. जर्मनीतील कोलोन शहरात हे जितके उघडपणे दिसले तितके क्वचितच कुठे दिसले असेल, म्हणून आज तिथली हकिगत सांगतो.

५ जानेवारी २०१५, सोमवार. ‘पेगिडा’ नावाची चळवळ तेव्हा ड्रेस्डेन शहरात जोरात होती. युरोपचे इस्लामीकरण थांबवा, ही तिची घोषणा. तिच्या कोलोनमधील समर्थकांनी त्या संध्याकाळी मोर्चा ठरवला होता. कोलोनच्या कॅथेड्रलचे १५७ मीटर उंचीचे मनोरे रात्री दिव्यांनी उजळलेले असतात. त्या संध्याकाळी कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू नॉर्बर्ट फेल्डहोफ यांनी बाहेरचे दिवे बंद करवले. मोर्चात जाणाऱ्या सनातनी वृत्तीच्या ख्रिस्ती लोकांनी आपण कोणाबरोबर चाललो आहोत याचा विचार करावा, हा त्यांचा हेतू होता. मोर्चाला जमले काहीशे लोक, त्याच्या विरोधात हजारो.

दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण होता. याच कॅथेड्रलमध्ये, मुख्य वेदीमागे, सोन्याच्या पेटीत तीन राजांचे पवित्र अवशेष आहेत. ११६४ साली ते मिलानहून कोलोनला आणले गेले. पूर्वेकडून आलेले, वेगळ्या देशाचे, वेगळ्या रीतीचे परके लोक! त्यांच्या सणाच्या पूर्वसंध्येला परक्यांविरुद्ध मोर्चा निघावा, हे निघणाऱ्यांच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे.

याच कॅथेड्रलने त्याआधी पन्नास वर्षे आणखी एक दृश्य पाहिले होते. ३ फेब्रुवारी १९६५ रोजी रमजान ईद होती. शहरात तुर्की कामगार पुष्कळ, पण नमाजाला मोठी जागा नव्हती. तेव्हा शेकडो कामगारांनी कॅथेड्रलच्या आत, बाजूच्या दालनात ईदची नमाज अदा केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र मंजूर केले ते त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला. म्हणजे कागद नंतर आला, शेजारधर्म आधी.

पण या शेजारधर्मावर सर्वांचे एकमत कधीच नव्हते. कार्डिनल योआखिम माइस्नर १९८९ ते २०१४ या काळात कोलोनचे आर्चबिशप होते. शाळांमधून ख्रिस्ती आणि मुस्लीम मुलांच्या एकत्र प्रार्थना नकोत, असे त्यांनी २००६ साली कॅथॉलिक धर्मशिक्षकांना सांगितले. मुलांच्या मनात देवाविषयी गोंधळ होईल, अशी त्यांना काळजी होती. शहरात मोठी मशीद बांधायचे ठरले तेव्हा मुस्लिमांचा प्रार्थनास्थळाचा हक्क त्यांनी नाकारला नाही, मात्र आपल्याला अस्वस्थ वाटते हेही लपवले नाही.

त्याच धर्मप्रांतात फिंग्स्ट या कष्टकरी वस्तीतील संत थिओडोर धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर फ्रान्झ मॉयरर यांनी २००७ साली एका रविवारचे दान त्याच मशिदीच्या बांधकामासाठी दिले. रविवारचे दान म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. त्याचा दर महिन्याचा हिशेब विचारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते विचारतात हे चांगलेच आहे! त्यांचे चर्च वास्तुशास्त्रज्ञ पाउल ब्योम यांनी बांधलेले. पुढे मशिदीचा आराखडाही ब्योम यांचाच.

कार्डिनल आणि फादर, दोघांच्याही श्रद्धेविषयी मला शंका नाही. येशू हाच तारणारा आहे हे विसरून संवाद करायचा, तर तो संवाद कशाचा? माइस्नर यांचे म्हणणे मला तिथपर्यंत पटते. शेजाऱ्याला देवाचे नाव घ्यायला छप्पर नसेल तर आपल्याला त्याचे काही वाटले पाहिजे, हे मॉयरर यांचे म्हणणेही पटते. आपण या देशात संख्येने थोडे आहोत. एका साध्या क्रूसाच्या जागेवरून किती बोलणी खावी लागतात हे आपण ओळखतो. तिथे बहुसंख्य आपले लोक आहेत, एवढाच फरक.

अस्वस्थतेला कारणे नव्हती असे मी म्हणणार नाही. ती मशीद चालवणारी संस्था तुर्की सरकारच्या धर्मखात्याशी जोडलेली आहे. तिचे काही इमाम सरकारविरोधी तुर्कांची माहिती तुर्कस्तानला पुरवत असल्याचे २०१७ साली उघड झाले. २०१५ च्या शेवटच्या रात्री याच कॅथेड्रलच्या पायथ्याशी, स्टेशनच्या चौकात, शेकडो महिलांवर लैंगिक हल्ले व चोऱ्या झाल्या. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले तरुण बरेच होते. ज्या आईची मुलगी त्या रात्री रडत घरी आली, तिला संवादाचे धडे देणे सोपे नाही.

बंधुभगिनींनो, प्रश्न इथेच उभा राहतो. ही अस्वस्थता घेऊन जायचे कोणाकडे? ‘प्रो कोलोन’ नावाचा गट तिची वाटच पाहत होता. मशिदीविरुद्ध सह्या गोळा करून तो मोठा झाला. राल्फ जोर्दानो हे यहुदी लेखक, नाझी छळातून वाचलेले. त्यांचाही मशिदीला विरोध होता, पण या गटाची सोबत त्यांनी झिडकारली, कारण ती भाषा त्यांनी लहानपणी ऐकली होती. ड्रेस्डेनमध्ये पेगिडाने २२ डिसेंबर २०१४ रोजी चक्क नाताळची गाणी गायली. त्या भागात बहुतेक लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत. गोठ्यातल्या बाळाला, जो पुढे हेरोदापासून पळून इजिप्तमध्ये निर्वासित झाला, त्यालाच निर्वासितांविरुद्धच्या मोर्चाचा झेंडा केले.

जर्मनीच्या बिशपांनी २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने जाहीर केले की वंशावर उभा असलेला राष्ट्रवाद आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ बसत नाही, आणि ‘एएफडी’ या अतिउजव्या पक्षाला ख्रिस्ती माणूस मत देऊ शकत नाही. त्याच वर्षी ट्रियर धर्मप्रांतात त्या पक्षाच्या एका आमदाराला धर्मग्रामाच्या प्रशासकीय समितीतून काढण्यात आले. तरी २०२५ च्या निवडणुकीत दर पाच मतदारांत एकाने त्या पक्षाला मत दिले. त्यांत रविवारी मिस्साला येणारेही आहेतच.

दिवे बंद केले ते योग्य झाले, असे माझे मत आहे. आपल्या मनोऱ्यांचा उजेड द्वेषाच्या सभेची शोभा वाढवण्यासाठी नाही. पण मला त्या संध्याकाळी अंधारात उभा असलेला एखादा साठीचा माणूसही दिसतो. त्याचा बाप्तिस्मा त्याच शहरात झाला, लग्न तिथेच लागले. मुलीच्या काळजीने तो मोर्चात आला, आणि वर पाहतो तर त्याचेच चर्च काळोखात. त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कोण बोलले? आपण शहाणे, तो मूर्ख, असे म्हणून त्याच्यावर अग्नी मागणे हेही याकोब-योहानांचेच मागणे आहे. फक्त गाव बदलले. मुस्लीम शेजाऱ्याशी चहा घेणारे फादर अशा माणसाच्या घरीही गेले पाहिजेत, आणि तिथे त्याची भीती ऐकून झाल्यावर मोर्चाविषयीचे खरे बोलले पाहिजेत. हे काम जास्त कठीण आहे. त्याची वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा आठवा अध्याय या आठवड्यात घरी काढून वाचा. शोमरोनातील लोकांनी देवाचे वचन स्वीकारले हे ऐकून येरुशलेममधील प्रेषितांनी दोघांना तिकडे पाठवले. त्यांनी त्या लोकांवर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. त्या दोघांपैकी एक पेत्र होता. दुसरा योहान, आजच्या शुभवर्तमानातला तोच.

आज मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत कोलोनच्या मुस्लीम कुटुंबांसाठी एक याचना ठेवली आहे आणि त्या संध्याकाळी मोर्चात चाललेल्यांसाठी एक. दोन्हींना मोठ्याने उत्तर द्यावे.