बरोबरच असेल



मे महिन्याची सुट्टी संपली. लग्ने, प्रथम कम्युनियनचे सोहळे, आजोळचे मुक्काम सगळे उरकले आणि पावसाबरोबर शाळाही दाराशी येऊन उभी राहिली. गेल्या आठवड्यात स्टेशनाजवळच्या दुकानांत आपल्यापैकी बरेच जण भेटले. कोणाच्या हातात गणवेशाची पिशवी, कोणाच्या काखेत तपकिरी कागदाची गुंडाळी, तर कोणी रेनकोटाचा भाव कमी करून घेण्यात गुंतलेले. नव्या वर्षासाठी शाळेत परतणाऱ्या सर्व कुटुंबांचे धर्मग्रामाच्या वतीने मी मनापासून स्वागत करतो. 'कुटुंबांचे' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हजेरीपटावर नाव एका मुलाचे असते, पण जूनमध्ये शाळेत जाते ते सारे घर. आईचा गजर तासभर आधी वाजू लागतो, आजी डब्यासाठी उठून बसते, आणि वडिलांचा पगार असो की वाडीतल्या केळीचे पैसे, त्यांची वाट फीच्या खिडकीकडे आधीच ठरलेली असते.

उद्या सोमवार. जपमाळेत आनंदाची रहस्ये म्हटली जातील. त्यातले पाचवे रहस्य म्हणजे बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो. घरी रोज माळ म्हणणारी कुटुंबे आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि शनिवारी, या रहस्यापाशी येतात. पण पाचव्या रहस्यापर्यंत पोहोचेतो गॅसवरचे कालवण आठवू लागलेले असते. शाळा उघडण्याच्या या आठवड्यात तेवढ्या एका रहस्यापाशी थोडे थांबू या.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ही हकिगत सांगतो. वल्हांडणाचा सण आटोपून मरिया आणि योसेफ यरुशलेमहून नाझरेथला परत निघाले. तीन-चार दिवसांची पायी वाट. येशू मागे राहिला होता आणि आईवडिलांना ते ठाऊक नव्हते. ते दिवसभर चालले, आणि मग नातेवाइकांत व ओळखीच्यांत त्याचा शोध घेऊ लागले.

एक पूर्ण दिवस! आपल्यापैकी कोणाचे मूल दिवसभर दिसले नाही आणि घरच्यांनी चौकशीही केली नाही, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? पण मरिया आणि योसेफ निष्काळजी नव्हते. यात्रेकरूंच्या जथ्यात तो कोठेतरी असणारच, अशी त्यांची समजूत होती आणि त्या समजुतीला आधार होता. गावचे लोक, मावश्या, चुलते, बरोबरीची मुले सगळे एकत्र चालत होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयी लिहिलेल्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात हाच मुद्दा मांडला आहे. येशू फक्त आईवडिलांच्या कुशीत वाढला नाही, तो सोयऱ्याधायऱ्यांच्या मोठ्या गोतावळ्यात वाढला, म्हणूनच त्यांना दिवसभर काळजी वाटली नाही.

वसईच्या पट्ट्यात असा जथा आपणही पाहिला आहे. वाडीतली पाच-पंचवीस मुले एकत्र शाळेत जात. वाटेत कोणाच्या झाडाच्या कैऱ्या पाडल्या, तर ती बातमी पोराच्या आधी घरी पोहोचे. 'कोणाचा रे तू?' असे विचारायचा अधिकार विहिरीवरच्या प्रत्येक बाईला होता. तेव्हा आईवडील वाडीत नाहीतर बाजारात राबत असले, तरी 'बरोबरच असेल' हे म्हणणे खोटे नव्हते. आज मूल रिक्षाने जाते, रिक्षाने येते, तिथून क्लासला जाते आणि रात्री इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दार लावून मोबाइल घेऊन बसते. जथा पांगला. समजूत मात्र तीच राहिली. मुलगा शाळेत आहे, क्लासला आहे, आतल्या खोलीत आहे, म्हणजे आपल्याबरोबरच आहे.

तो कोठे आहे हे आपल्याला माहीत असते. कोणत्या काळजीत आहे, हे माहीत असते का?

फीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका घराची गोष्ट सांगतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ही पुस्तके परीक्षेपुरती वाचली होती. धर्मग्राम सांभाळू लागल्यावर ती निराळी दिसतात. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते या लहान गावात पात्रिसियुस नावाचा गृहस्थ राहत होता. त्याची ऐपत बेताची होती. मुलगा हुशार म्हणून त्याला कार्थेजला शिकायला पाठवायचे त्याने ठरवले आणि ऐपतीबाहेर जाऊन पैसे जमवले. गावाने त्याची वाहवा केली. ज्यांच्याजवळ याच्यापेक्षा कितीतरी जास्त होते, ते मुलांसाठी एवढे करत नव्हते. तो मुलगा म्हणजे पुढे झालेले संत आगुस्तीन. 'कन्फेशन्स' या आपल्या ग्रंथात त्यांनी वडिलांच्या या कष्टांची नोंद केली आहे, आणि लगेच एक बोचरी गोष्ट पुढे लिहिली आहे. मुलगा वक्ता व्हावा याची वडिलांना काळजी होती, पण तो देवाच्या दृष्टीने कसा वाढतो आहे याची त्यांनी विचारपूस केली नाही. पैसे जमेपर्यंत सोळा वर्षांचा आगुस्तीन वर्षभर घरीच होता. तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, आणि आयुष्यातले सर्वांत भरकटलेले वर्ष म्हणून त्यांनी याच वर्षाचे वर्णन केले आहे.

पात्रिसियुसला मी वाईट बाप म्हणणार नाही. आपल्यातले कितीतरी वडील असेच आहेत. दोन पाळ्या करतात, आखातात नाहीतर जहाजावर वर्षे काढतात, आणि फोनवर विचारायला एकच प्रश्न उरतो: किती मार्क पडले?

त्याच ग्रंथाच्या आरंभी लहानपणच्या शाळेची आठवण आहे. अभ्यासात मागे पडले की मार बसे. छोटा आगुस्तीन देवाजवळ कळकळीने प्रार्थना करी, मला शाळेत मार बसू देऊ नकोस. आणि मोठी माणसे हसत. त्याचे आईवडीलही हसत. पोराचे दुःख ते केवढेसे! बिशप झालेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस पुस्तक लिहायला बसतो आणि ते हसणे विसरलेला नसतो.

आज बहुतेक शाळांत छडी नाही. भीती गेली असे मात्र नाही. (कबुलीसंस्काराबद्दल मी अर्थातच बोलत नाही. चर्चच्या मैदानावर, वेदीसेवकांशी गप्पा मारताना जे कानावर येते, ते सांगतो.) फी थकली म्हणून वर्गात सर्वांसमोर नाव पुकारले जाईल ही भीती. इंग्रजीत उत्तर देताना अडखळलो तर मुले हसतील ही भीती. वर्गाच्या ग्रुपवर आपला फोटो फिरतो आहे आणि घरी सांगितले तर आपलाच मोबाइल काढून घेतील, ही भीती. दर सोमवारी सकाळी पोटात दुखणाऱ्या मुलाला ओवा जरूर द्यावा, पण नंतर त्याच्याजवळ पाच मिनिटे बसावेही.

इंग्रजीचा उल्लेख झाला म्हणून थोडे विषयांतर करतो. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे हे धर्मगुरूने सांगायचे नाही, ते आईवडिलांनी ठरवायचे. पण संत आगुस्तीन सांगतात की लॅटिन भाषा ते दाईंच्या लाडांतून, खेळता-खेळता, न घाबरता शिकले आणि ग्रीक भाषा धाकदपटशाने शिकवल्यामुळे त्यांना कायमची कडू झाली. मूल शाळेत दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेले असते. घरीही आपण त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो, तर रडायचे झाल्यास त्याने कोणत्या भाषेत रडावे? आजीशी बोलायची बोली त्याला राहू द्या. धर्मशिक्षणाच्या वर्गातही मग त्याला मराठी वाचन म्हणजे डोंगर वाटणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यात स्पष्टपणे मांडली आहे. काही पालक याचा अर्थ असा घेतात की रोज गृहपाठ घ्यावा आणि पुढच्या धड्याची प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावीत. ते काम क्लासवालेही करतील.

मग घरच्या शिक्षकाने काय करायचे? पुन्हा यरुशलेमला जाऊ. तिसऱ्या दिवशी मुलगा सापडला. तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. आईने त्याला विचारले, बाळा, तू आमच्याशी असे का वागलास? तीन दिवसांच्या घालमेलीनंतर तिच्या तोंडून आधी प्रश्न निघाला. आणि त्यात तिने स्वतःचे नाव नंतर घेतले. तुझे वडील आणि मी शोधत होतो, या क्रमाने ती बोलली. शोधायला दोघेही निघाले होते. शाळेतल्या पालकसभेला मात्र आया येतात, आणि वडील आलेच तर गेटपाशी मोटरसायकल चालू ठेवून उभे राहतात.

मुलाने उत्तरादाखल उलट प्रश्नच केला, आणि तो काय म्हणतो हे आईवडिलांना समजले नाही. लूकने हे अगदी सरळ लिहून ठेवले आहे. पवित्र मरियेलासुद्धा आपला मुलगा त्या दिवशी समजला नाही. तिने ते सारे मनात जतन केले, आणि तो त्यांच्याबरोबर नाझरेथला येऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. न समजण्याने ते घर मोडले नाही.

आपली आठवी-नववीची मुलेही असे काही विचारतात. सायन्सच का घ्यायचे? मी मिस्साला का यायचे? दुसरा प्रश्न आला की पालक घाबरतात आणि मुलाला माझ्याकडे आणतात, 'फादर, याला जरा समजवा.' जरूर आणा. पण मंदिरातल्या गुरुजनांनी प्रश्न विचारणाऱ्या पोराला हाकलले नव्हते, हेही लक्षात असू द्या. प्रश्न विचारणारे मूल अजून आपल्याशी बोलते आहे. मला काळजी वाटते ती विचारणे बंद केलेल्या मुलाची.

पुढे संत आगुस्तीन स्वतः बाप झाले. मुलाचे नाव आदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. ३८७ साली ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये बापलेकांचा स्नानसंस्कार एकत्रच झाला. त्यानंतर त्यांनी 'गुरूविषयी' नावाचे पुस्तक लिहिले. ते सारे या मुलाशी केलेले संभाषण आहे. मुलगा शंका काढतो, चुकतो, बापाला अडवतो. पुस्तकात त्याच्या तोंडी असलेले विचार सोळाव्या वर्षी त्याचे स्वतःचेच होते, अशी साक्ष वडिलांनी देवासमोर दिली आहे. शिक्षक शब्दांनी फक्त दिशा दाखवतो, मुलाच्या आत बसून शिकवणारा ख्रिस्तच, असा त्या संभाषणाचा निष्कर्ष आहे. आदेओदातुस तरुणपणीच वारला. वडिलांजवळ हे बोलणे उरले.

यरुशलेमच्या वाटेवर मूल बरोबर नाही हे ध्यानात आले ते दिवसभर चालून झाल्यावर, बहुधा संध्याकाळी मुक्कामाला सगळे एकत्र आले तेव्हा. आपल्यालाही संध्याकाळ आहे. माळ म्हणून झाली की जेवण होईपर्यंत टीव्ही बंद, सर्वांचे मोबाइल एका टोपलीत, वडिलांचाही. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा एक प्रश्न मुलाला विचारावा. आज कोणाबरोबर डबा खाल्लास? हसू कशाचे आले? काही मुले समोरासमोर बोलत नाहीत, स्कूटरवर मागे बसली की बोलतात. त्यांना स्कूटरवर विचारावे. १३ जूनला संत अंतोनीचा सण झाला. हरवलेल्या किल्ल्या आणि पाकिटे शोधून देण्यासाठी आपण त्या संताला किती राबवतो! या वर्षी आपल्याच घरात हरवत चाललेल्या एखाद्या लेकरासाठीही त्याला साकडे घालू या.

पुढील रविवारी सकाळच्या दुसऱ्या मिस्सामध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी विशेष आशीर्वाद होईल. मुलांनी गणवेश घालून आई व वडील या दोघांबरोबर बसावे. ज्यांचे आईवडील कामानिमित्त दूर आहेत, त्यांच्यासोबत आजी-आजोबांनी किंवा शेजाऱ्यांनी यावे. धर्मशिक्षणाचे वर्गही त्याच दिवशी सुरू होत आहेत. गेल्या वर्षीची चांगली पुस्तके सभागृहात आणून द्यावीत. ज्या घरांना फी किंवा वह्या-पुस्तकांची अडचण आहे, त्यांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना किंवा मला भेटावे. बोलणे आपल्यातच राहील. मुलाचे नाव वर्गात पुकारले जाण्याआधी या.

आपला ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू