पडद्यावरच्या गोळ्यांचा हिशेब

जेम्स बाँडचा सगळ्यात गाजलेला फोटो डोळ्यांसमोर आणा. काळा सूट, दुमडलेले हात आणि चेहऱ्याशेजारी उभं धरलेलं लांब नळीचं पिस्तूल. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या प्रसिद्धीसाठी डेव्हिड हर्न या छायाचित्रकारानं शॉन कॉनरीचा हा फोटो काढला. बाँडचं पिस्तूल म्हणजे वॉल्थर पीपीके, हे आज शाळकरी पोरंही सांगतील. पण त्या दिवशी ते पिस्तूल स्टुडिओत आणायचं राहून गेलं. मग हर्नकडे स्वतःचं वॉल्थर कंपनीचं छर्ऱ्याचं पिस्तूल होतं, तेच कॉनरीच्या हातात दिलं. म्हणजे जगभरच्या भिंतींवर चिकटलेली ती बंदूक आपल्याकडच्या जत्रेत फुगे फोडायला ठेवतात त्या जातकुळीची. २०१० साली लंडनमध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा तिला अडीच लाख पौंडांहून जास्त किंमत आली.

हे पैसे लोखंडाचे नव्हते. ती बंदूक हातात असलेला माणूस आपण असावं, असं ज्यांना आयुष्यात कधीतरी वाटलं, त्या सगळ्यांच्या वाटण्याची ती किंमत होती. मला प्रश्न पडतो तो या वाटण्याबद्दल. सिनेमातल्या बंदुकीवर जीव जडणं ही निरागस गोष्ट आहे का? की ते बघताना आपण मनातल्या मनात कशाला तरी होकार देत असतो?

मी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळचा. माझ्या वयाच्या पोरांनी थिएटरपेक्षा जास्त सिनेमा मोबाईलवर पाहिला आहे, तोही तुकड्यातुकड्यांत. पूर्ण पिक्चर बघायला तीन तास लागतात, पण हिरोनं बंदूक उचलली तो तुकडा तीस सेकंदांचा असतो आणि तोच स्टेटसला लागतो. वाढदिवसाला तलवारीनं केक कापल्याचे आणि त्यावरून पोलिसांनी गुन्हे दाखल केल्याचे किस्से महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. त्यानंतर कमरेला पिस्तूल लावलेल्यांचे आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ गावोगाव फिरले. एका जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने आहेत, हे राज्याला तेव्हा कळलं. नंतर त्यातले काही रद्दही झाले.

अशा वेळी दोन उत्तरं तयार असतात. पहिलं वडीलधाऱ्यांचं: पिक्चर बघून पोरं बिघडली. दुसरं पोरांचं: पिक्चर आहे तो, सोडून द्या. मला दोन्ही आळशी वाटतात.

पहिलं बघू. बांधावरून भाऊबंदकी पेटायला सिनेमा लागत नाही. कोयता, कुऱ्हाड, काठी हे सिनेमाच्या आधीपासून घरात आहे. मस्साजोगच्या सरपंचांना मारायलाही बंदूक लागली नाही. त्यांना मारहाण करून मारलं गेलं. मात्र त्या वेळी मोबाईल होते. मारहाणीचं चित्रीकरण केल्याचं आरोपपत्रात आहे, आणि मार्च २०२५ मध्ये त्यातले फोटो बाहेर आले तेव्हा महाराष्ट्र हादरला. त्यामुळे बंदुकीचे पिक्चर बंद केले की क्रौर्य संपेल, असं मानणं ही स्वतःची फसवणूक आहे.

पण दुसरं उत्तरही टिकत नाही. १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ आला. त्यात क्लिंट ईस्टवुडच्या हातात स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९ हे .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर होतं. वजनदार, महागडं, फार कुणाला न लागणारं. पिक्चरनंतर त्याची मागणी एवढी वाढली की दुकानात ते मिळेना. म्हणजे पडद्यावरची बंदूक पडद्यावर थांबत नाही. ती खून करायला शिकवत नसेल, पण कशाची हौस धरावी हे नक्की शिकवते.

मग फरक कुठे करायचा? मला तो माझ्या मामांच्या बोलण्यात सापडला. मामा पोलिसात हवालदार होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्री होती, साधारण चार किलोची. कधी माणसावर झाडायची वेळ आली नाही. त्यांना बंदुकीबद्दल विचारलं की ते गोळीबाराचं काही सांगत नाहीत, हिशेबाचं सांगतात. काडतुसं मोजून घ्यायची, सही करायची, मोजून परत द्यायची. सरावाला गोळी झाडली तरी रिकामी पुंगळी शोधून जमा करायची. “एक पुंगळी सापडंना म्हणून आम्ही सगळे संध्याकाळपर्यंत गवतात हात घालून बसलेलाव,” ते सांगतात. “बंदूक हलकीच असती बाबा. हिशेब जड असतो.”

हे ऐकल्यापासून मी सिनेमातल्या गोळ्या मोजायला लागलो. आणि लक्षात आलं, की ज्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोक्यात राहिल्या, त्यांच्या प्रसंगांत बहुतेक वेळा कुणीतरी मोजत असतं.

‘शोले’ घ्या. १५ ऑगस्ट १९७५. गब्बरच्या हातातल्या पिस्तुलात गोळ्या सहा, समोर माणसं तीन. तो तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावतो. तिन्ही वेळा नुसता खटका वाजतो. सगळे हसतात, आपल्यालाही सुटल्यासारखं वाटतं, आणि मग तो तिघांना मारतो. तेव्हा एकेका गोळीची किंमत आपल्या पोटात जाणवते, कारण प्रत्येक गोळीचं माणूस समोर उभं आहे, त्याला घाम फुटलाय. त्यातल्या कालियाला तर नाव आहे. पन्नास वर्षं झाली, तरी तो मेलेला माणूस कुणी विसरलं नाही. आणि ज्याला बदला घ्यायचा आहे त्या ठाकूरला हातच नाहीत. बंदूक धरूच न शकणारा माणूस मध्यभागी ठेवून हा पिक्चर उभा आहे. ‘डर्टी हॅरी’तही जो प्रसंग गाजला तो मोजण्याचाच आहे: गोळ्या पाच झाडल्या की सहा?

आता अलीकडे या. ‘केजीएफ : चॅप्टर २’ (२०२२) मध्ये हिरो अवाढव्य मशीनगननं पोलीस ठाण्याची चाळण करतो आणि तापून लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. ‘ॲनिमल’ (२०२३) मध्ये तर मशीनगनच गाडीएवढी. ती पुरवणारा फ्रेडी आपल्या उपेंद्र लिमयेंनी असा काही रंगवलाय की शिट्टी आपोआप निघते. त्याच पिक्चरमध्ये अजय-अतुल यांचं ‘डॉल्बीवाल्या’ हे मराठी गाणं वाजतं आणि मराठी माणसाला वाटतं, आला आपला नंबर! मजा येते, खोटं कशाला बोलायचं. पण समोरून येणाऱ्या माणसांच्या तोंडावर मुखवटे आहेत. त्यांना चेहरा नाही, नाव नाही, घर नाही. किती गोळ्या, किती माणसं, कुणी मोजत नाही आणि मोजावंसं वाटू नये अशीच सगळी रचना आहे. बंदुकीला मात्र ओळख आहे. ‘केजीएफ’मधल्या मशीनगनला तर हिंदीत ‘बडी माँ’ म्हणतात.

माझा आक्षेप हिंसेला नाही, या उलटापालटीला आहे. बंदुकीला नाव मिळतं आणि मरणाऱ्याचं नाव जातं.

आई आणि बंदूक आपल्या माणसानं आधी वेगळ्या तऱ्हेनं एकत्र आणली होती. महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) सगळी बंदूकबाजी शेवटी एका गोळीपाशी येते, आणि ती गोळी रघूवर त्याची आई झाडते. रीमा लागूंच्या हातातलं ते पिस्तूल बघून कुणालाही पिस्तूल घ्यावंसं वाटत नाही. रघू झालेला संजय दत्त तेव्हा खऱ्या आयुष्यात एके-५६ बाळगल्याच्या खटल्यात जामिनावर होता. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा दोष कायम ठेवून त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो येरवड्यातून सुटला. पडद्यावर शेकडो गोळ्या माफ असतात. बाहेर घरात ठेवलेल्या एका बंदुकीचा हिशेब वीस-बावीस वर्षं चालतो.

त्याच २०१६ साली ‘सैराट’ आला. आर्ची हातात पिस्तूल घेऊन चालून आलेल्या माणसांना रोखते तेव्हा आपण तिच्या बाजूनं ओरडतो. पण शेवटी नागराज मंजुळे गोळीचा आवाज ऐकवत नाहीत. कुठलाच आवाज नाही. एक लहान पोर लाल पावलं उमटवत चालत जातं. मारणारे कसे दिसत होते हे आपण विसरतो. मेलेल्यांची नावं मात्र गावागावांत लोकांच्या तोंडी आहेत.

हिशेब चुकला की सिनेमाच्या सेटवरही माणूस मरतं. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या चित्रीकरणात नकली काडतुसांमध्ये खरी गोळी गेली आणि हेलिना हचिन्स ही छायाचित्रकार मेली. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या बाईला २०२४ मध्ये दोषी ठरवलं गेलं. कोणती गोळी कुठून आली, हाच त्या खटल्याचा प्रश्न होता.

आणि आपल्या इथला हिशेब अजून संपलेला नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश. मोटारसायकल, गावठी पिस्तूल, काही सेकंद. ज्यांचं हत्यार फक्त बोलणं आणि लिहिणं होतं अशी माणसं. कलबुर्गी आणि लंकेश यांना एकाच पिस्तुलानं मारलं, हे प्रयोगशाळेनं गोळ्या आणि पुंगळ्या ताडून सांगितलं. त्यांच्या मारेकऱ्यांनी कुठला पिक्चर पाहिला होता, हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा असा की ट्रिगर ओढण्याआधी समोरच्याचं माणूसपण पुसावं लागतं, त्याच्या तोंडावर मुखवटा चढवावा लागतो. खऱ्या जगात ते काम द्वेष करतो. अशा वेळी मुखवट्यांवर टाळ्या वाजवायची सवय लागलेलं मन काय कामाचं?

माझा धाकटा चुलतभाऊ यावर म्हणाला, “मग दादा, बघायचंच नाही का? आन्‌ सगळ्याच बंदुका वाईट म्हणलास तर रझाकारांसमोर आपली माणसं काय हात जोडून उभी ऱ्हायली होती का?”

त्याचं बरोबर आहे. आमच्या भागात १७ सप्टेंबर १९४८ च्या आठवणीत बंदुका दोन्ही बाजूंना आहेत. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर तळ ठोकलेल्यांनी शस्त्रं हातात घेतली होती आणि त्याबद्दल इथं कुणाला लाज वाटत नाही. पण म्हातारी माणसं त्या दिवसांबद्दल बोलायची तेव्हा बंदुकीचं वर्णन क्वचितच यायचं. कोण गेलं, कुणाचं घर जळालं, कोण परत आलं, हे यायचं. म्हणजे तेही हिशेबच सांगायचे, माणसांचा.

म्हणून मी त्याला पिक्चर बघू नको असं सांगितलं नाही. मीही बघतो. मनात उसळणारा राग, ताकदीची हाव, कुणीतरी आपल्याला घाबरावं ही इच्छा, हे सगळं पडद्यावर बघून घेणं यात पाप नाही. दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो, तेव्हा आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, अलीकडे ट्रॅक्टरसुद्धा पुजतात. म्हणजे धारेचं आकर्षण आपल्या परंपरेलाही माहीत आहे. फक्त तिथं धार आणि काम एकत्र असतं. २०१९ पासून कायद्यानंही एक गोष्ट स्पष्ट केली आहे: लग्नात, मिरवणुकीत हौस म्हणून गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हौसेची म्हणून झाडलेली गोळीही कुठेतरी जाऊन पडतेच.

भावाला एवढंच म्हटलं, की पुढचा पिक्चर बघताना एक कर. हिरोनं बंदूक उचलली की शिट्टी मार, पण मोजत राहा. किती गोळ्या, किती माणसं, त्यांपैकी किती जणांची नावं तुला सांगता येतील. तो म्हणाला, “असं मोजत बसल्यावर मजा जाईल की.”

काही पिक्चरांची जाईल. ‘शोले’ची जाणार नाही.