आठवणीची किंमत कोणी मोजायची?

आमच्या ओटीच्या कडेला एक मोटारसायकल उभी असते. हिरो होंडा सीडी १००, सन १९९१ ची. तिच्या नंबरप्लेटवर अजून ठाण्याचा 'एमएच-०४' आहे. वसईच्या नव्या गाड्यांना आता 'एमएच-४८' मिळतो. आपल्या धर्मग्रामातील पुष्कळांनी ही गाडी पाहिली असेल. तिच्या आवाजावरून आम्ही मिस्साला उशिरा पोहोचलो हेही पुष्कळांना कळले असेल!

ही गाडी बाबांची. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी ती घेतली. पहाटे चारला मागे दोन्ही बाजूंना वांगी-दुधीच्या गोणी आणि वर केळीच्या पानांची मोळी बांधून ते वसई रोड स्टेशन गाठत. तेथून आई सामानाच्या डब्यातून माल घेऊन दादरला जाई आणि बाबा परत येऊन वाडीला पाणी लावीत. आमच्या लग्नात वरातीच्या पुढे हीच गाडी होती. मुलगा जन्मला त्या रात्री इस्पितळात नेणारीही हीच. २००८ साली बाबा गेले. वाडी थोडी उरली, दादरच्या फेऱ्या थांबल्या, गाडी मात्र राहिली.

आम्हा नवरा-बायकोला या गाडीचा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. शेजारीपाजारी दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलत, तेव्हा आम्ही मनात म्हणायचो, आम्ही तसे नाही. वस्तू टिकवणे हा गुण आहे, उधळपट्टी न करणे हा गुण आहे, वडिलांची आठवण जपणे तर मोठाच गुण आहे. एकाच गाडीत तीन गुण! पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर दर पाच वर्षांनी आम्ही तिचे नूतनीकरण केले, पर्यावरण कर भरला, पीयूसी काढली. गॅरेजवाला हसून म्हणायचा, "हिला आता पेन्शन द्या." आम्हीही हसायचो.

गेल्या काही वर्षांत आमचा मुलगा ती गाडी चालवू लागला. महामार्गालगतच्या एका कारखान्यात तो कामाला आहे. दुसरी पाळी असली की रात्री अकराला सुटतो. एका जुलैमध्ये, मुसळधार पावसात, समोरची रिक्षा अचानक थांबली. त्याने ब्रेक दाबला, गाडी धरली नाही. तो घसरत गेला. गुडघ्याला सहा टाके पडले. देवाच्या कृपेने एवढ्यावरच निभावले.

आम्ही रस्त्याला दोष दिला, रिक्षाला दिला, पावसाला दिला. चार दिवसांनी त्याचा एक मित्र भेटायला आला आणि सहज बोलून गेला, "काकी, तो तर वर्षभर म्हणतोय की रात्री या गाडीची भीती वाटते." आम्ही मुलाकडे पाहिले. तो खाली बघत म्हणाला, "आजोबांची गाडी आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

बंधू-भगिनींनो, गेले कित्येक दिवस हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. गाडीवर आमचे प्रेम होते, यात खोटे काही नाही. पण त्या प्रेमाची किंमत आम्ही मोजत नव्हतो. ती मुलगा मोजत होता, रोज रात्री, न बोलता. आणि गुणी म्हणून मिरवत होतो आम्ही!

भीती त्याला उगाच वाटत नव्हती. या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि ते सुकेपर्यंत ब्रेक नीट धरत नाही. हेडलाइट इंजिनाच्या वेगावर चालतो. गाडी हळू केली की उजेडही मंद होतो, म्हणजे खड्डा जवळ आला की नेमका अंधार! बाबांच्या वेळी हे खपून गेले. तेव्हा पहाटेचा रस्ता मोकळा असे आणि स्टेशनपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ होता. आज तोच रस्ता ट्रक-डंपरांनी भरलेला असतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना ब्रेकची सुधारित पद्धत बंधनकारक झाली. २०१९ च्या त्या नियमाप्रमाणे १२५ सीसीच्या वरील गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस, आणि त्याखालील गाड्यांना एबीएस किंवा निदान एक ब्रेक दाबला की दोन्ही चाके धरणारी पद्धत आवश्यक ठरली. नवी गाडी घसरत नाही असे नाही. पण जे संरक्षण आज साध्या गाडीलाही मिळते ते आम्ही मुलाला नाकारत होतो, आणि तेही त्याला न विचारता.

मग आम्हाला एक साधा प्रश्न पडला. आम्ही नेमके जपत तरी काय होतो? त्या गाडीची चेन तीनदा बदलली आहे. क्लच प्लेट, कार्ब्युरेटर, टाकी, सीट, दोन्ही टायर, सगळे नवे. इंजिन बोअर करून पिस्टन बदलला आहे. बाबांच्या हाताचा स्पर्श झालेले म्हणावे असे फक्त चासी आणि हॅण्डल! हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने थीसियसच्या जहाजाची हकीकत सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज आठवण म्हणून जपले. कुजलेली फळी काढायची आणि तिथे नवी बसवायची, असे करता करता तत्त्वचिंतकांत वाद सुरू झाला की हे जहाज तेच की दुसरे? आमच्या ओटीवरही तोच वाद उभा आहे म्हणायचा. पण एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. जपून ठेवलेल्या त्या जहाजातून रोज रात्री कोणाचा मुलगा समुद्रात जात नव्हता.

गॅब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेले. १९२९ साली त्यांनी कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. 'असणे आणि जवळ असणे' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. आपण वस्तूला कवटाळून बसलो की आपण तिचे मालक राहत नाही, तीच आपल्याला गिळू लागते. पण माळी आणि त्याची बाग, वादक आणि त्याचे व्हायोलिन यांचे नाते निराळे. तिथे वस्तू नुसती मालकीची राहत नाही. माणूस तिच्यात आपले कष्ट आणि कसब ओततो आणि ती त्याच्या जगण्याचाच भाग होते.

हे वाचून आम्हाला बाबा आठवले. बाबांचे त्या गाडीशी असलेले नाते माळ्याचे आणि बागेचे होते. ती त्यांच्या कामाचे अवजार होती. अवजार चालेनासे झाले तर शेतकरी दुसरे आणतो, त्यासाठी रडत बसत नाही. ही गाडी घेताना बाबांनी आपली जुनी सायकल शेजाऱ्याच्या मुलाला देऊन टाकली होती. त्याच सायकलवरून त्यांनी बारा वर्षे भाजी वाहिली होती! गाडीची पूजा बाबांनी कधी केली नाही, ती आम्ही सुरू केली. त्यांच्या आठवणीच्या नावाखाली आम्ही त्यांच्या स्वभावाच्या उलट वागत होतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जुने ते टाकावे आणि नवे घ्यावे, हाच तुमचा उपदेश का? नाही. तेही तितकेच सोपे आणि तितकेच फसवे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर कडक टीका केली आहे. वस्तू लगेच टाकून न देता पुन्हा वापरणे हे प्रेमाचे कृत्य ठरू शकते, असेही ते म्हणतात. मात्र त्याला त्यांनी एक अट घातली आहे, की ते योग्य कारणासाठी असावे. पूर्वी आमचे लक्ष प्रेमावर थांबायचे, कारणापर्यंत पोहोचायचे नाही.

नव्या गाडीचीही किंमत कोणीतरी मोजतच असते. ती बनवायला खाणीतून लोखंड निघते, कोळसा जळतो, पाणी लागते. म्हणून चालती गाडी भंगारात घालून नवी घेणे म्हणजे आपोआप पर्यावरणाची सेवा नव्हे. दुसऱ्या बाजूने, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांप्रमाणे बनलेल्या गाडीपेक्षा आमच्या गाडीचा धूर कितीतरी वाईट. तो धूर आमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. हप्त्यावर घेतलेल्या गाडीचे तर विचारायलाच नको. मुलाने हौसेने मोठ्या इंजिनाची गाडी घ्यायची आणि निवृत्त वडिलांनी फंडातून हप्ते फेडायचे, असे आपल्या आसपास घडते. तिथे नव्याचे कौतुक एकाचे आणि ओझे दुसऱ्याचे असते.

तेव्हा खरा प्रश्न जुने की नवे, हा नाहीच. ज्या गोष्टीवर आपला जीव जडला आहे तिची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे. ती आपण स्वतः मोजत असू तर त्याला निष्ठा म्हणावे. दुसऱ्याच्या जिवावर, दुसऱ्याच्या खिशावर किंवा दुसऱ्याच्या मौनावर ती मोजली जात असेल, तर तो हट्ट आहे, मग त्याला आपण कितीही सुंदर नाव दिले तरी.

आम्ही काय केले ते सांगतो. ते सर्वांनी करावे असे नव्हे. मुलाला १२५ सीसीची साधी नवी गाडी घेतली. निम्मे पैसे त्याच्या बचतीतून, निम्मे आमच्याकडून. कर्ज काढले नाही. त्यासाठी घराचा रंग पुढच्या वर्षावर ढकलला. जुनी गाडी विकू का, असे विचारल्यावर तोच म्हणाला, "नको, राहू द्या. मला फक्त रात्रीच्या पावसात ती नको होती." म्हणून ती राहिली. पण आता ती फक्त आम्ही चालवतो. वाडीपर्यंत आणि चर्चपर्यंत, दिवसाउजेडी आणि कोरड्या रस्त्यावर. दर तीन महिन्यांनी ब्रेक शू तपासतो. पुढच्या नूतनीकरणाची वेळ आली की पुन्हा एकत्र बसायचे, आणि ती रस्त्यावर आणण्याजोगी नसेल तर रीतसर नोंदणी रद्द करून अधिकृत भंगार केंद्रात द्यायची, असे तिघांनी मिळून ठरवले आहे. तो दिवस आम्हाला जड जाईल. पण तो जडपणा आमचा आम्हीच सोसावा, हेच योग्य.

या निर्णयाने सगळे सुटले असे नाही. धुराचा प्रश्न थोडा उरतोच. चर्चच्या आवारात गाडी सुरू करताना आता आम्हाला मागे वळून पाहावेसे वाटते, कोणाचे लेकरू तर उभे नाही ना!

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर आपापल्या घरात एकदा डोळसपणे पाहूया. वाडवडिलांच्या माडीचा तो उभा लाकडी जिना आपल्याला प्रिय असेल, पण गुडघे धरून तो रोज कोण चढते? चुलीवरच्या जेवणाची चव आपल्याला हवी असेल, पण धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? विहिरीचा जुना कठडा तसाच राहू द्यावा असे वाटत असेल, पण तिच्याजवळ खेळते कोण? आणि घरातले कोणी, आपल्याला वाईट वाटेल म्हणून, काही बोलायचे टाळते आहे का?

आम्ही हे विचारायला एक वर्ष उशीर केला. मुलाच्या गुडघ्यावरचा व्रण आम्हाला ते विसरू देत नाही. आपण मात्र कोणाला टाके पडण्याची वाट पाहू नका. आजच, जेवायला सगळे एकत्र बसाल तेव्हा, विचारा.