चित्रगुप्ताची खतावणी

नरकाचं वर्णन ऐकताना माणसाला सर्वांत आधी कोण आठवतं? शेजारी! गरुडपुराण आपल्याकडे सुतकाच्या दिवसांत वाचतात. यमदूत, वैतरणी, उकळत्या तेलाचा कुंभीपाक हे सारं कानावर पडताना आमच्या रबाळ्यात श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर भीतीपेक्षा समाधानच जास्त दिसतं. पंप लावून पाणी ओढणाऱ्या खालच्या मजल्याची सोय झाली म्हणायची!

इटलीतही तोच प्रकार. दान्तेनं (मृत्यू १३२१) आपल्या काव्यातल्या नरकात व्याजखाऊ सावकारांना गळ्यात थैल्या अडकवून तापल्या वाळूवर बसवलं आहे. आम्ही बँकवाले हा भाग जरा भरभर वाचतो. बोकाच्चो सांगतो, व्हेरोनातल्या बायका दान्तेला रस्त्यात पाहून म्हणत, नरकाच्या धगीनंच याची दाढी कुरळी झाली. धग दिसली ती लेखकाच्या दाढीला. स्वतःच्या पदराला नाही.

पण सुतकाच्या घरात एक श्रोता वेगळा असतो. ज्याचे वडील गेले, तो. खोटं बोलणाऱ्याची शिक्षा ऐकताना त्याला शेजारी आठवत नाही. आठवते ती आपल्या फीसाठी बाबांनी कुणाला तरी मारलेली थाप. तो मनातल्या मनात अर्ज करतो, 'साहेब, एवढी नोंद सोडा.'

म्हणजे चित्रगुप्ताची खतावणी काटेकोर हवी, फक्त आपल्या माणसाचं खातं तेवढं राइट ऑफ करावं. बँकेत याला वशिला म्हणतात. पण पाणी ओढणाऱ्यालाही एक मुलगी आहे. उद्या तिचाही अर्ज त्याच टेबलावर येणार. तो फेटाळा म्हणायचं असेल, तर आपला आधी मागे घ्यावा.