घटात शिरलेला कुंभार

मार्चअखेर आमच्या रसायन विभागातल्या साहित्याची मोजदाद होत असे, आणि तिचा शिरस्ता असा होता की कपाटातली प्रत्येक बाटली खाली उतरवून तिच्यावरचे नाव नोंदवहीतल्या नावाशी ताडून पाहायचे, शिल्लक तराजूवर घालायची, आणि तूट किंवा फूट आढळली तर अखेरच्या रकान्यात शेरा मारायचा. हे काम विभागातले मामा करीत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचेच, पण द्रव्यांशी त्यांचा सहवास इतका दीर्घ होता की बूच निघताच वासावरून ते नाव सांगत. एका वर्षी त्यांनी बेंझाल्डिहाइडची तपकिरी बाटली माझ्यापुढे आणून ठेवली. बूच सैल झालेले होते, बाटलीच्या गळ्याभोवती पांढरी खपली धरलेली होती, आणि आत जिथे कडू बदामाच्या वासाचे पातळ तेल असायला हवे होते तिथे पांढऱ्या, ओलसर स्फटिकांचा गच्च थर बसला होता. बदामाचा वास येत होता, पण दूर गेलेल्या माणसाच्या आवाजासारखा.

"सर, नाव कोणतं लिहू?" मामांनी विचारले. "वहीत आहे ते आत नाही, आणि आत आहे ते कुणी मागवलेलं नाही. बरं, माल कमी झाला म्हणावं तर वजन थोडं वाढलंय. तुटीला रकाना आहे; वाढ कुठं दाखवू?"

मामांच्या या प्रश्नाला रसायनशास्त्राचे उत्तर एका ओळीचे आहे. अल्डिहाइडाच्या टोकाच्या कार्बनवर एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असतो. त्या कार्बन आणि हायड्रोजनच्या मध्ये आणखी एक ऑक्सिजन येऊन बसला की त्याचे कार्बॉक्सिलिक अम्ल होते. बेंझाल्डिहाइडाच्या १०६ भारात हवेतले १६ मिळाले आणि बेंझॉइक अम्लाचे १२२ झाले. फळ्यावर हे मांडायला अर्धे मिनिट पुरते, आणि मी ते कितीतरी वर्षे तेवढ्याच वेळात उरकीत आलो होतो. परंतु कार्य हे कारणात आधीपासून असते की नव्याने उत्पन्न होते, या ज्या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातला, तोच प्रश्न मामा नोंदवहीच्या भाषेत विचारीत आहेत, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवले, आणि अर्ध्या मिनिटाचे माझे उत्तर मला अपुरे वाटू लागले.

सांख्यांचे म्हणणे असे की जे मुळात नाहीच ते कोणत्याही उपायाने उत्पन्न करता येत नाही. तिळातून तेल निघते ते तिळात असते म्हणून, आणि वाळू कितीही रगडली तरी तिच्यातून ते निघत नाही. ज्याच्या ठायी जी शक्ती असेल तेच त्यातून प्रकट होते. प्रयोगशाळा या मताला मोठा आधार देते. बेंझाल्डिहाइडाच्या शेजारी त्याच कपाटात अ‍ॅसिटोनची बाटली होती. तीच हवा, तोच उजेड, तीच वर्षे तिच्याही वाट्याला आलेली होती, पण तिच्यातला द्रव जसाच्या तसा होता. कारण किटोनात त्या मोक्याच्या जागी हायड्रोजन नसतो, दोन्ही बाजूंना कार्बनच असतो, आणि तो बंध तोडण्याचे सामर्थ्य साध्या हवेत नसते. म्हणजे अम्ल होण्याची योग्यता द्रव्याच्या घडणीत असावी लागते, ती बाहेरून लादता येत नाही, इतके सांख्यांचे खरे.

परंतु नैयायिक इथे गप्प बसणार नाही, आणि त्याने बसूही नये. तो विचारील की अम्ल जर आधीच होते, तर त्याचा आंबटपणा कुठे होता? लिटमसला लाल करण्याचा गुण कुठे होता? १२२ अंशांपर्यंत न वितळणारे घनत्व त्या पातळ तेलात कोणत्या कोपऱ्यात दडले होते? योग्यता असणे वेगळे आणि कार्य असणे वेगळे. मुलाच्या अंगी बाप होण्याची योग्यता असते, म्हणून त्याच्या नावे नातवाची मालमत्ता कोणी नोंदवीत नाही. हा आक्षेप मला कधीही पूर्णपणे परतवता आलेला नाही.

या बदामाच्या तेलाचा इतिहास विलक्षण आहे. १८३२ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची तरुण पत्नी वारली, आणि त्या दुःखात त्याचा मित्र लीबिख याने त्याला गीसेनला आपल्याकडे बोलावून घेतले. दोघांनी मिळून जे काम हाती घेतले ते कडू बदामाच्या तेलाचे. हे तेल हवेत अम्ल बनते, क्लोरिनशी एक द्रव्य देते, त्या द्रव्यावर अमोनिया घातला की आणखी निराळे काही मिळते. पण या सगळ्या रूपांतरांतून कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा एक समूह अभंग राहून एका द्रव्यातून दुसऱ्यात जातो, असे त्यांना आढळले. त्या समूहाला त्यांनी बेंझॉइल हे नाव दिले, आणि बर्झेलियससारखा ज्येष्ठ आचार्य या शोधाने इतका हर्षित झाला की त्या समूहाला पहाटेच्या अर्थाचे नाव द्यावे असे त्याने सुचविले. शोकग्रस्त माणसाने बदलातून काय टिकते याचा शोध घ्यावा, यात मी उगाच अर्थ शोधतो आहे असे कोणी म्हणेल, म्हणो. मला ती हकीकत आठवल्यावाचून ही बाटली हातात धरवत नाही. ज्या 'बेंझ' शब्दावरून हे नाव आले तो मुळात अरबी लोबानचा अपभ्रंश, आणि दर्ग्यात निखाऱ्यावर ऊद टाकला की धुरातून जे वर चढते त्यातही हेच अम्ल असते.

टिकणाऱ्या आणि मोडणाऱ्या भागांची ही विभागणी आपल्याकडच्या एका जुन्या वादाला फार जवळून भिडते. कच्चा घट काळा असतो तो आव्यात भाजून लाल होतो, तेव्हा नेमके काय घडते? वैशेषिक म्हणतात की अग्नीच्या संयोगाने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणू लाल होतात, आणि त्यांचा नवा घट इतक्या त्वरेने जुळतो की डोळ्याला पत्ता लागत नाही; हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणतात की घट मोडतच नाही, अखंड राहूनच त्याचा रंग पालटतो, एरवी 'हा तोच घट' अशी ओळख आपल्याला पटली नसती, हा पिठरपाकवाद. अन्नंभट्टाने आपल्या तर्कसंग्रहावरच्या दीपिकेत हा वाद थोडक्यात दिला आहे, आणि आठल्ये-बोडसांची १८९७ची मुंबईची आवृत्ती वाचताना विद्यार्थिदशेत मला ती निव्वळ शब्दांची कुस्ती वाटली होती. आज तसे वाटत नाही. बाटलीत रेणूचा परमाणूंपर्यंत चुरा होत नाही. सहा कार्बनांचे कडे आणि त्याला जोडलेला सातवा कार्बन आपल्या जागी राहतात. परंतु एका ठिकाणी रेणू खरोखर मोडतो, तिथला हायड्रोजन जातो, आणि क्षणभर एक अपुरा, अस्वस्थ तुकडा मागे उरतो, ज्याला आम्ही मुक्त मूलक म्हणतो. ज्याला अल्डिहाइडही म्हणता येत नाही आणि अम्लही म्हणता येत नाही अशी ती अवस्था असते. वैशेषिकांनी सर्वत्र मानलेला विनाश इथे एकाच बंधात आहे, पण आहे खरा.

तो अपुरा तुकडा हवेतल्या ऑक्सिजनला धरतो. मग शेजारच्या अल्डिहाइडाचा हायड्रोजन ओढून घेऊन स्वतः पेरअम्ल बनतो आणि त्या शेजाऱ्याला अपुरा करून सोडतो. पेरअम्लाजवळ एक ऑक्सिजन अधिक असतो, तो ते तिसऱ्या अल्डिहाइडाला देते, आणि दोघांचेही अम्ल होते. अशी साखळी चालते. १९२७ साली बेकस्ट्रम या स्वीडिश शास्त्रज्ञाने मोजून दाखविले की बेंझाल्डिहाइडाने प्रकाशाचा एक कण शोषला तर त्यापायी सुमारे १०,००० रेणूंचे ऑक्सिडीकरण होते. बाटली तपकिरी काचेची असते ती याचसाठी, आणि व्यापारी त्यात चिमूटभर हायड्रोक्विनोन घालतात तेही याचसाठी. मीमांसक आणि नैयायिक यांच्यात अग्नी आणि मणी यांवरून वाद होता: अग्नीजवळ विशिष्ट मणी ठेवला तर अग्नी दिसतो पण जाळत नाही, तेव्हा मण्याने अग्नीची शक्ती नष्ट केली म्हणायचे, की प्रतिबंधकाचा अभाव हेही दाहाचे एक कारण मानायचे? हायड्रोक्विनोन हा असाच मणी आहे. अल्डिहाइड तेच राहते, हवा तीच राहते, पण तो त्या अपुऱ्या तुकड्यांना गाठून साखळी तोडतो आणि ऑक्सिडीकरण थांबते. इथे मी मीमांसकांच्या बाजूचा आहे. त्यांनी केवळ अनुमानाने मानलेली शक्ती या प्रसंगी एक खरी वस्तू निघाली, अल्पायुषी पण खरी.

आता मामांच्या प्रश्नाचा जो गाभा, वजनाचा, त्याकडे येतो. न्यायशास्त्राने कारणांची जी वाटणी केली आहे तीत माती हे समवायी कारण आणि कुंभार हे निमित्त कारण. माती घटात राहते, कुंभार घटाबाहेर राहतो. या वाटणीवर आपली ईश्वरकल्पनाही पुष्कळशी उभी आहे, कारण नैयायिकांचा ईश्वर हा जगाचा कुंभार आहे: परमाणू त्याने निर्माण केलेले नाहीत, तो फक्त घडवितो आणि घडवून अलिप्त राहतो. पण बाटलीतला कुंभार कोण? हवा. तिने अल्डिहाइडाचे अम्ल केले, आणि करताना ती अम्लात शिरली. १०६चे १२२ झाले ते तिच्यामुळे झाले, आणि वरचे १६ ती स्वतःच होती. कुंभाराने घट घडविला आणि घट तराजूत घातला तेव्हा कुंभाराचेच वजन भरले, असा हा प्रकार आहे.

वेदान्ती हे ऐकून आनंदेल. ब्रह्म हेच जगाचे निमित्त आणि तेच उपादान, हे त्याचे म्हणणे, आणि त्यासाठी स्वतःतूनच धागा काढणाऱ्या कोळ्याचा दृष्टान्त तो फार पूर्वीपासून देत आला आहे. त्याच्या आनंदात मी अर्धाच सहभागी होऊ शकतो. एक तर इथे उपादान दोन आहेत, अल्डिहाइड आणि हवा, आणि अद्वैताला दुसरे नको असते. दुसरे अधिक अडचणीचे: हवा अम्लात शिरली ती हवा म्हणून उरली नाही. आचार्यांचे ब्रह्म जग होऊनही अविकारी राहते, आणि त्यासाठी त्यांना विवर्ताचा, दोरीवर भासणाऱ्या सापाचा, आश्रय करावा लागतो. पण माझ्या बाटलीत भास काहीच नाही. जे शिरले ते पालटले.

म्हटले, जो शिरत नाही असा कर्ता तरी अलिप्त सापडेल. म्हणून मी टोलेन्सचा प्रयोग आठवून पाहिला. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात दाहक सोड्याचे थेंब घालावेत, तपकिरी गाळ खाली बसतो, अमोनिया थेंबाथेंबाने टाकीत तो विरघळू द्यावा, मग अल्डिहाइड घालून परीक्षानळी न हलविता गरम पाण्यात उभी करावी. नळी स्वच्छ नसेल तर काळा गाळ मिळतो. स्वच्छ असेल तर पाहता पाहता काचेला आतून रुपे चढते आणि वाकून बघणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचा चेहरा दिसतो. इथे अम्लात जाणारा ऑक्सिजन पाण्याकडून येतो; चांदी अम्लात मुळीच शिरत नाही, ती केवळ अल्डिहाइडाकडून इलेक्ट्रॉन घेते. हाच खरा निमित्तमात्र कर्ता, असे मी क्षणभर मानले. परंतु काचेवर चकाकते ते काय आहे? द्रावात अदृश्य असलेली चांदी घट्ट धातू होऊन बसली आहे. घटात न शिरताही कुंभार पालटला. १८५३ साली कान्निझारोने हवा आणि चांदी दोन्ही वगळून, पोटॅशच्या संगतीत बेंझाल्डिहाइडाचा एक रेणू दुसऱ्याकडून अम्ल करवून दाखविला. तेव्हा तो दुसरा अल्कोहोल झाला.

म्हणून निर्विकार कर्त्याची कल्पना मला आता पेलवत नाही, हे मी श्रद्धावान माणूस असूनही लिहून ठेवतो. जो घडवितो आणि घडविताना स्वतः कशालाही मुकत नाही, अशा ईश्वराला हात जोडताना मला पूर्वी जो दिलासा वाटे तो आता वाटत नाही. आणि जो आपल्या निर्मितीत शिरून तिच्यासह बदलतो, तिचा आंबटपणाही ज्याच्या वाट्याला येतो, त्याला हात जोडताना मात्र शब्द आपोआप येतात. परंपरेत याला कोणते नाव द्यावे याचा निवाडा शास्त्रीपंडितांनी करावा.

मामांना हे सगळे मी सांगितले नाही. वहीतले नाव तसेच ठेवा, एवढेच सांगितले. त्यांनी स्फटिक खरवडून काढले, उकळत्या पाण्यात विरघळवून गाळले, आणि संध्याकाळपर्यंत थंड झालेल्या चंचुपात्रात चमकदार, बिनवासाचे पापुद्रे तळाला बसले. पहिल्या वर्षाच्या मुलांना वितळबिंदू काढायला ते पुढे वर्षभर पुरले. मोजदादीची वही सहीसाठी माझ्याकडे आली तेव्हा बेंझाल्डिहाइडाच्या ओळीत शिल्लक वजन वाढीव आकड्यासह नीट लिहिलेले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात मामांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: 'हवेसकट'.